मँगनीजने अडवलेले विष : शिगा टॉक्सिन आणि जीपीपी१३० या पटलप्रथिनाचे प्रकरण

जानेवारी २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कार्नेगी मेलन विद्यापीठातले सोमशुभ्र मुखोपाध्याय आणि अ‍ॅडम लिनस्टेड यांचा एक शोधनिबंध आला. मजकूर मोजकाच, दावा मात्र मोठा होता. पेशींना आधी मँगनीजचा साधा क्षार दिला, तर शिगा टॉक्सिन हे जिवाणूंचे विष त्यांचे फारसे काही बिघडवू शकत नाही. मँगनीज दिलेल्या पेशी मारायला ३,८०० पट जास्त विष लागले. मँगनीज टोचलेले उंदीर तर एरवी हमखास जीव घेणाऱ्या मात्रेतूनही सहीसलामत सुटले. शिवाय हा क्षार स्वस्त आणि कुठल्याही रसायनविक्रेत्याकडे मिळणारा.

पुढच्याच वर्षी या आशेला दोन बाजूंनी तडे गेले, त्यांतला एक तर मूळ गटानेच दाखवून दिला. शिगा विषावरचा उपाय म्हणून मँगनीज रुग्णांपर्यंत पोचलेच नाही. तरी शिकवायला मला हेच प्रकरण सर्वांत आवडते. पेशीत शिरलेल्या विषाचा रस्ता पेशीच्याच पटलांत रुतलेल्या प्रथिनांच्या हाती किती असतो, हे इथे हातावर ठेवल्यासारखे दिसते. आणि एवढे कळूनही औषध का हाती लागत नाही, हेही.

विषाची उलटी वाट

रक्ती आवेचा जिवाणू कियोशी शिगा यांनी १८९७ मध्ये जपानमधल्या साथीत ओळखला. त्याचे विष त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पुढे ई. कोलाय या एरवी निरुपद्रवी जिवाणूच्या काही वाणांतही जवळजवळ तेच विष सापडले. १९८२ मध्ये अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमधून पसरलेल्या साथीमुळे ओ१५७:एच७ हा वाण सर्वांना माहीत झाला. विषाचे जनुक जिवाणूचे स्वतःचे नाही. त्याच्या गुणसूत्रात दबा धरून बसलेल्या एका विषाणूचे ते आहे, आणि जिवाणूवर संकट आले की हा विषाणू जागा होतो. काही प्रतिजैविके नेमके हेच संकट आणतात. जिवाणू फुटतो आणि विष आणखी सुटते. म्हणूनच या ई. कोलायच्या रुग्णाला प्रतिजैविक देताना डॉक्टर कचरतात. जिवाणू मारून भागत नसेल तर विषालाच वाटेत कुठेतरी गाठले पाहिजे, हा विचार तिथून आला.

विषाची घडण दोन भागांची आहे. मारणारा एक ए घटक, आणि त्याला वाहून नेणारे पाच सारखे बी घटक, बांगडीसारखे गोल बसलेले. ही बांगडी पेशीच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या जीबी३ नावाच्या शर्करायुक्त मेदरेणूला चिकटते. एका बांगडीत जीबी३ धरण्याच्या पंधरा जागा असतात. एकेक पकड सैल, पण पंधरा मिळून चांगलीच घट्ट. मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींवर जीबी३ भरपूर असतो, म्हणून या विषाचा खरा तडाखा तिथे बसतो. लाल पेशी फुटतात, बिंबाणू घटतात, मूत्रपिंडे बंद पडतात. या अवस्थेला हिमोलिटिक यूरेमिक सिंड्रोम म्हणतात, आणि लहान मुलांना त्याचा धोका जास्त.

ए घटकाचे काम पेशीद्रवातल्या रायबोझोमवर, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रावर आहे. तिथल्या मोठ्या आरएनएमधला एक ठरावीक अ‍ॅडेनीन तो खुडून टाकतो आणि प्रथिननिर्मिती थांबते. अडचण अशी की विष पेशीत शिरते ते पटलाच्या पिशवीत बसून, म्हणजे पेशीच्या आत आले तरी पेशीद्रवाच्या बाहेरच. घटसर्पाचे विष यावर सरळ तोडगा काढते. पिशवीत आम्लता वाढली की ते आपला आकार बदलून पटलाला भोक पाडते आणि निसटते. शिगा विषाला हे जमत नाही. ते मागे मागे जाते. पेशी आपली प्रथिने आंतर्द्रव्यजालिकेत घडवते, गॉल्गी संकुलातून बाहेर पाठवते. हे विष त्याच रस्त्याने उलट निघते : आधी एन्डोसोम (गिळलेला माल जिथे आधी पोचतो ती पटलाची पिशवी), मग गॉल्गी, शेवटी आंतर्द्रव्यजालिका. बिघडलेली प्रथिने बाहेर फेकायची आंतर्द्रव्यजालिकेची जी मोरी आहे, तिच्यातून ए घटकाचा तुकडा पेशीद्रवात उतरतो. नॉर्वेतल्या किर्स्टन सँडविग आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये विष आंतर्द्रव्यजालिकेपर्यंत पोचलेले दाखवले, तेव्हा बाहेरून आलेली वस्तू इतकी खोलवर उलटी जाऊ शकते हेच मुळात नवे होते.

ए घटकाची चिरफाड करणारे फ्यूरिन हे विकरही पेशीचेच, आणि तेही पटलात बसलेले. विषाला घरची माणसे फितूर आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

एन्डोसोमचा फाटा

या प्रवासातला सगळ्यांत धोक्याचा टप्पा एन्डोसोम. इथून दोन रस्ते फुटतात. एक लयकारिकेकडे जातो, जिथे प्रथिनांचा भुगा होतो. पेशीने गिळलेला बहुतेक माल याच वाटेने जातो. दुसरा रस्ता म्हणजे एन्डोसोमच्या अंगातून निघणाऱ्या बारीक नळ्या, त्या गॉल्गीकडे जातात. विषाला त्या नळीत वेळेवर शिरता आले नाही, तर त्याचा खेळ खलास.

नळीत कोण शिरणार हे ठरवणारी यंत्रणा, क्लॅथ्रिन, रेट्रोमर वगैरे, पटलाच्या पेशीद्रवाकडच्या बाजूला बसते. विष मात्र पटलाच्या आतल्या बाजूला, पिशवीच्या पोटात. आणि ज्या जीबी३ ला ते चिकटले आहे तो मेदरेणू पटलाच्या एकाच पदरात बसतो, पलीकडे त्याचे टोक निघत नाही. भिंतीअलीकडच्या पाहुण्याची दखल पलीकडच्या पहारेकऱ्याने कशी घ्यावी? विद्यार्थ्यांना मी हा प्रश्न आधी विचारतो आणि थोडा वेळ गप्प बसतो. कुणीतरी म्हणतेच : भिंतीतून आरपार गेलेले काहीतरी हवे.

आरपार गेलेले काहीतरी म्हणजेच पटलप्रथिन. आणि इथे जीपीपी१३० येते. नाव रुक्ष आहे : गॉल्गी फॉस्फोप्रोटीन, वजन १३० किलोडाल्टन. ते पटल एकदाच ओलांडते. पेशीद्रवाकडे इवलीशी शेपटी, आतल्या बाजूला लांब दांडा. मुक्काम गॉल्गीच्या सुरुवातीच्या कप्प्यांत, पण तिथे ते बसून राहत नाही. गॉल्गी ते एन्डोसोम आणि परत, अशा त्याच्या फेऱ्या चालू असतात. २००४ मध्ये लिनस्टेड यांच्याच प्रयोगशाळेने हे प्रथिन पेशींतून जवळपास नाहीसे केले, तेव्हा शिगा विषाचा बी घटक एन्डोसोमातच अडकून पडला. वाटाड्या सापडल्याची ती पहिली खूण. पण त्या पेशींत काही इतर प्रथिनांची ये-जाही बिघडली होती. म्हणून जीपीपी१३० स्वतः विषाला धरून नेते, की ते गेल्यावर एकूण वाहतूकच कोलमडते आणि त्यात विषही अडकते, हे तेव्हा सांगता येत नव्हते.

मँगनीज त्यानंतर सहा वर्षांनी, वेगळ्याच दारातून आले. जास्त मँगनीज मिळालेल्या पेशींत काय बदलते हे पाहताना २०१० मध्ये असे दिसले की काही तासांत जीपीपी१३० गॉल्गीतून निघते, लयकारिकेत जाते आणि नष्ट होते. गॉल्गीची इतर प्रथिने जागच्या जागी असतात. एका धातूने एकच प्रथिन इतके नेमके उचलून टाकावे, हे पाहून संशोधकांचे डोळे चमकले असतील. विषाचा वाटाड्या मारायचे हत्यार आयतेच हाती आले होते.

सूक्ष्मदर्शकाखाली

हा प्रयोग कसा दिसतो ते सांगायला हवे, कारण एरवी हे सगळे बाणांच्या आकृत्यांत हरवते.

काचपट्टीवर वाढवलेल्या हेला पेशी, म्हणजे प्रयोगशाळांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या मानवी पेशी, घ्यायच्या. विषाचा नुसता बी घटक, चमकणारा रंग जोडलेला, बर्फावर ठेवूनच त्यांच्यावर घालायचा. ए घटक नसल्यामुळे पेशी मरत नाही, पण रस्ता तोच घेतला जातो. थंडीत पटल हलत नाही, त्यामुळे बी घटक पृष्ठभागावर चिकटतो आणि तिथेच थांबतो. पेशीची कड बारीक उजेडाने आखल्यासारखी दिसते. जादा रंग धुवून टाकायचा आणि पेशी ३७ अंशांना आणायच्या. सगळ्यांची शर्यत एकाच क्षणी सुरू.

दहा-पंधरा मिनिटांनी कडेचा उजेड तुटलेला असतो. त्याच्या जागी पेशीभर विखुरलेले ठिपके, कुणी बारीक मोहरी उधळावी तसे. हे एन्डोसोम. तासाभराने पाहिले तर ठिपके जवळजवळ गेलेले असतात आणि केंद्रकाच्या एका अंगाला चंद्रकोरीसारखी ठळक पट्टी उमटलेली असते. ती गॉल्गी. गॉल्गीच्या दुसऱ्या एखाद्या प्रथिनाला वेगळा रंग दिला असेल तर दोन्ही रंग एकमेकांवर चपखल बसतात.

आता मँगनीज दिलेल्या पेशी. बर्फावरची कड तितकीच उजळ, म्हणजे विष चिकटण्यात फरक नाही. पंधरा मिनिटांचे ठिपकेही तसेच, म्हणजे आत शिरण्यातही फरक नाही. तासानंतर मात्र चंद्रकोर उमटतच नाही. मोहरी तशीच उधळलेली. त्यानंतर ती हळूहळू विझत जाते, कारण विष लयकारिकेत जाऊन पचते. गॉल्गी तिथेच आहे, दुसऱ्या रंगात स्वच्छ दिसते आहे, पण विष तिच्यापर्यंत पोचलेले नाही.

मला या चित्रमालेत शेवटच्या चौकटीपेक्षा पहिल्या दोन जास्त महत्त्वाच्या वाटतात. पेशी विषाने मेली नाही, एवढ्यावरून काहीच कळत नाही. विष चिकटलेच नसेल, चिकटून आत शिरले नसेल, शिरून वाटेत अडले असेल किंवा पोचूनही रायबोझोमवर चालले नसेल. जगलेली पेशी चारही वेळा सारखीच दिसते. मँगनीजने नेमका तिसरा टप्पा तोडला हे त्या पहिल्या दोन चौकटींमुळेच म्हणता येते. जीपीपी१३० आणि विषाचा बी घटक एकमेकांना थेट धरतात, हेही दाखवले गेले. २००४ चा अनुत्तरित प्रश्न तिथे बराचसा मिटला : हे प्रथिन विषाला हाताला धरून नळीत नेते.

धातू प्रथिनाला कसा हुसकावतो

मँगनीज पेशीला विषारी आहे म्हणून जीपीपी१३० पडते, असा सोपा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात यंत्रणा बरीच नीटस आहे. मँगनीज वाढले की जीपीपी१३० चे रेणू एकमेकांना चिकटून घोळके करतात, आणि घोळक्यात अडकलेले प्रथिन गॉल्गीतून लयकारिकेकडे रवाना होते. २०१५ मध्ये त्याच प्रयोगशाळेने याची उलटतपासणी केली. मँगनीज बाजूलाच ठेवले आणि गॉल्गीच्या प्रथिनांना अशी जोड दिली की एक औषधी रेणू घातला की ती एकमेकांना चिकटावीत. चिकटली, आणि लयकारिकेत गेली. म्हणजे मँगनीज फक्त घोळका करायला लागते. घोळका झालेल्यांना बाहेर काढायची सोय गॉल्गीकडे आधीपासूनच आहे.

ती सोय काय, याचे एक उत्तर २०१७ मध्ये मिळाले : सॉर्टिलिन. हेही आरपार गेलेले पटलप्रथिनच, आणि गॉल्गीतून लयकारिकेकडे माल नेणे हे त्याचे जुने काम. ते काढून टाकले की मँगनीज देऊनही जीपीपी१३० नष्ट होत नाही. तेव्हा साखळी अशी लागते : विषाला वाट दाखवणारे एक पटलप्रथिन, त्याला हुसकावणारा धातू, आणि हुसकावलेल्याला लयकारिकेपर्यंत पोचवणारे दुसरे पटलप्रथिन. विष बिचारे या सगळ्यात प्रवासी.

पहिला तडा : विष एक नाही

२०११ च्या उन्हाळ्यात जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली होती. मोड आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत तिचा माग लागला. तीन हजारांहून जास्त लोक आजारी पडले, आठशेहून जास्त रुग्णांची मूत्रपिंडे धोक्यात आली, पन्नासहून अधिक मृत्यू झाले. मँगनीजचा निबंध त्यानंतर काही महिन्यांतच आला, त्यामुळे त्याच्याकडे लोकांनी कसे पाहिले असेल ते उघड आहे. पण जर्मनीतला जिवाणू ज्या विषाचा होता, ते शिगा टॉक्सिन २.

शिगा विषाचे एक घराणे आहे. रक्ती आवेच्या जिवाणूचे मूळ शिगा विष आणि ई. कोलायचे शिगा १ यांच्यात एका अमिनो आम्लापुरता फरक असतो, बी घटक तर तंतोतंत सारखा. शिगा २ हा मात्र लांबचा चुलतभाऊ. अमिनो आम्लांचा क्रम निम्म्याहून थोडासा जास्त जुळतो. घडण तीच, पकडायचा मेदरेणू तोच, रायबोझोमवरची करामत तीच. उंदरांत मात्र ते शिगा १ पेक्षा सुमारे ४०० पट जहाल, आणि माणसांत मूत्रपिंडे निकामी करणाऱ्या प्रकरणांत पुष्कळदा हेच सापडते.

२०१२ चे सगळे काम शिगा १ वर होते. २०१३ मध्ये मुखोपाध्याय आणि लिनस्टेड यांनीच शिगा २ घेऊन प्रयोग केला. मँगनीजने जीपीपी१३० नेहमीसारखे नाहीसे केले, आणि शिगा २ आरामात गॉल्गीत पोचले. चंद्रकोर जशीच्या तशी. शुद्ध केलेला शिगा २ चा बी घटक जीपीपी१३० ला चिकटतच नव्हता. शिगा १ साठी पकड कुठे बसते तेही त्यांनी शोधले : जीपीपी१३० च्या आतल्या दांड्यावर जेमतेम सात अमिनो आम्लांचा एक तुकडा, आणि तोही प्रथिनाच्या एन्डोसोममधल्या दिशादर्शक खुणेच्या अगदी शेजारी.

एकाच घरातली दोन विषे, एकाच दारातून आत येतात, एकाच ठिकाणी जातात, आणि मधल्या फाट्यावर दोघांचे वाटाडे वेगळे. मला यात आश्चर्य वाटते ते उत्क्रांतीचे. मुक्काम महत्त्वाचा, तिथवर कुणाचे बोट धरून गेलो हे नाही, असेच या विषांच्या बाबतीत घडलेले दिसते. स्वतःच्या गाजलेल्या शोधाची मर्यादा वर्षभरात स्वतःच छापून टाकणे हे मात्र रोज पाहायला मिळत नाही.

दुसरा तडा : मात्रा

दुसरी बातमी सिनसिनाटी विद्यापीठातल्या एका गटाकडून आली, तीही २०१३ मध्येच. शिगा विषावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांच्या नेहमीच्या दोन प्रणाली त्यांनी वापरल्या : माकडाच्या मूत्रपिंडापासून आलेल्या व्हेरो पेशी आणि सीडी-१ जातीचे उंदीर. मूळ निबंधातल्या मात्रेत मँगनीज दिले तर व्हेरो पेशीच मरू लागल्या, उंदरांनाही ते बाधले. सोसेल इतके कमी दिले तर संरक्षण दिसले नाही. शिगा २ पासून तर नाहीच, रक्ती आवेच्या विषापासूनही नाही. त्यांचा निष्कर्ष सावध होता : हा परिणाम काही विशिष्ट पेशींत किंवा उंदरांच्या विशिष्ट जातीत होत असेल, नाहीतर धोकादायक म्हणावी अशा मात्रेलाच होत असेल.

हा हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. हेला पेशींवर अशा प्रयोगांत मँगनीज साधारण ५०० मायक्रोमोलर असते. निरोगी माणसाच्या रक्तात लिटरला ४ ते १५ मायक्रोग्रॅम मँगनीज असते. अणुभार ५५ धरला तर हे ०.०७ ते ०.२७ मायक्रोमोलर भरते. म्हणजे काचपात्रातली मात्रा रक्तापेक्षा किमान १,८०० पट. पात्रातले पोषकद्रव्य म्हणजे रक्त नव्हे, मँगनीज किती मोकळे आणि किती प्रथिनांना बांधलेले यावर बरेच अवलंबून असते, हे खरे. तरी एवढे अंतर पाहिल्यावर हात आखडता घ्यावासा वाटतो.

हात आखडायचे कारणही जुने आहे. मँगनीज डायऑक्साइड दळणाऱ्या कामगारांत चालण्या-बोलण्याचा विकार होतो, हे स्कॉटलंडमधल्या जॉन कूपर यांनी १८३७ मध्येच नोंदवले होते. जादा मँगनीज मेंदूच्या खोलवरच्या गाभ्यांत साचते आणि कंपवातासारखा आजार होतो. वेल्डिंगच्या धुरात सतत काम करणाऱ्यांच्या बाबतीत ही चिंता आजही आहे. शरीर जादा मँगनीज मुख्यतः यकृतातून पित्तावाटे टाकते. आधीच आजारी असलेल्या लहान मुलाला ते कुणी टोचावे?

मग हेला पेशींनी सोसले ते व्हेरो पेशींना का सोसवले नाही? इथे मी माझा अंदाज सांगतो, तो अंदाजच समजावा. पेशीत मँगनीज किती साचणार हे बाहेरच्या मात्रेइतकेच त्याची आत-बाहेर ने-आण करणाऱ्या पटलप्रथिनांवर ठरते, आणि ती प्रत्येक पेशीप्रकारात कमी-जास्त असतात. या शंकेला आधार देणारी एक गोष्ट मात्र पक्की आहे. २०१२ मध्येच, म्हणजे मँगनीजच्या निबंधाच्या वर्षीच, एसएलसी३०ए१० या प्रथिनातल्या दोषामुळे काही घराण्यांत लहानपणापासून रक्तात, यकृतात, मेंदूत मँगनीज साचते असे दोन गटांनी दाखवले. हे प्रथिन पेशीच्या बाहेरच्या पटलात बसून मँगनीज बाहेर उपसते.

बाकीचे वाटाडे

शिगा २ चा वाटाड्या शोधायला मुखोपाध्याय यांच्या नव्या प्रयोगशाळेने, आता टेक्सास विद्यापीठ, ऑस्टिन इथे, जवळजवळ सगळी जनुके एकेक करून दाबून पाहिली. २०१७ मध्ये त्यांनी यूएनसी५० या गॉल्गीतल्या पटलप्रथिनाचे नाव पुढे आणले. ते नसले की शिगा २ एन्डोसोममधून गॉल्गीत न जाता लयकारिकेत पोचते. पण हे प्रथिन विषाचे बोट धरत नाही. गॉल्गीच्या पटलावर जीबीएफ१ नावाचे वाहतुकीचे प्रथिन बसते ते याच्या आधाराने, आणि तिथून पुढची साखळी चालते. म्हणजे वाटाड्याऐवजी हा रस्ता खुला ठेवणारा हाती लागला.

२०१८ मध्ये क्रिस्पर हे जनुके कापण्याचे तंत्र वापरून केलेल्या मोठ्या चाळण्यांत आणखी नावे आली : एलएपीटीएम४ए आणि टीएम९एसएफ२. दोन्ही पटलप्रथिने. ती काढली की पेशी शिगा विषाला भीक घालत नाहीत. बातमी म्हणून वाचले तर जीपीपी१३० सारखेच वाटेल. पण सूक्ष्मदर्शकातली पहिली चौकट आठवा. या पेशींवर बर्फावरची उजळ कडच उमटत नाही, कारण ही प्रथिने जीबी३ तयार होण्यासाठी लागतात. दारच नाही तर वाट कसली? अशाच चाळणीत टीएमईएम१६५ हेही आले, तेही शिगा आणि एरंडाच्या बियांतले रिसिन या दोन्ही विषांसाठी. हे गॉल्गीत मँगनीजची व्यवस्था पाहते, आणि साखरेच्या साखळ्या जोडणाऱ्या तिथल्या विकरांना मँगनीज लागते. मँगनीज जास्त झाले तर विषाचा वाटाड्या जातो, आणि गॉल्गीत त्याची व्यवस्था बिघडली तर विषाचे दारच नीट बनत नाही. या विषाच्या गोष्टीत हा धातू दोन्ही टोकांना का असावा, हे मला अजून गमतीचे वाटते.

औषधाच्या बाजूने पाहता वेगवेगळ्या वाटाड्यांमागे न धावता सगळ्यांचा सामायिक रस्ता अडवणे हा विचार नंतर जास्त चालला. रेट्रो-२ हा रेणू २०१० मध्येच सापडला होता. तो शिगा आणि रिसिन दोघांनाही एन्डोसोमच्या फाट्यावर थोपवतो. मागाहून कळले की त्याचा परिणाम पुन्हा पटलप्रथिनांवरच होतो. सिंटॅक्सिन-५ सारखी शेपटीने पटलात रुतणारी प्रथिने जागी बसवणाऱ्या यंत्रणेला तो अडसर घालतो. २०१९ मध्ये टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगाचे जुने औषध शिगा १ आणि २ दोन्हींना गॉल्गीत जाऊ देत नाही आणि उंदरांना वाचवते असे दिसले. हे त्याच्या संप्रेरकाशी संबंधित गुणामुळे होत नाही. तो सौम्य अल्कधर्मी रेणू आहे आणि एन्डोसोमची आम्लता बिघडवतो, त्यातून हे घडते. रुग्णासाठी तयार उपचार यांतला एकही नाही.

जीपीपी१३० चे काय झाले? औषधाचे लक्ष्य म्हणून त्याचे नाव मागे पडले, पण प्रयोगशाळेतून ते गेले नाही. पेशीत मँगनीज वाढले की हे प्रथिन नाहीसे होते आणि इतके नेमके होते की ते आता मोजपट्टीसारखे वापरता येते. एसएलसी३०ए१० खरोखर मँगनीज बाहेर उपसते का, हे तपासताना हीच युक्ती केली गेली. उपसणारे प्रथिन धड असलेल्या पेशींना मँगनीज दिले तरी जीपीपी१३० ची चंद्रकोर केंद्रकाशेजारी तशीच राहिली. रुग्णांत आढळणारे सदोष रूप घातलेल्या पेशींत ती पुसून गेली.